खरखरीवर घरभाडं: परदेशात साऊंड आर्ट करून राहायचं कसं

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो. ताई मी नाशिकचा, घरी नॉइज करतो, एक छोटा सिंथ घेतलाय, तिकडे यायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी नऊ वर्षं बर्लिनमध्ये साऊंड आर्ट करते, म्हणजे खरखर, घरघर, घुमारा असल्या आवाजांचीच कला, त्यामुळे जे सांगणार ते जर्मनीचं आणि त्यातही बर्लिनचं, लंडन-ॲमस्टरडॅमवाल्यांनी आपापलं बघून घ्यावं.

आधी घरच्यांचा प्रश्न. "पगार किती?" पगार नसतो. कॉन्सर्टचे पैसे, थिएटरवाल्यांना करून दिलेला साऊंड, एखादं वर्कशॉप, एखादी ग्रँट, रेडिओवर पीस लागला तर त्याचे पैसे, असं सगळं मिळून घरभाडं निघतं. माझ्याकडे निव्वळ कॉन्सर्टमधून येणारा पैसा निम्म्याहून कमी आहे आणि ओळखीतल्या बहुतेकांचं तसंच आहे, हे आधी कळलं की पुढचं सोपं जातं. आणि नक्की काय करतेस हे घरी समजावून सांगायच्या फंदात फार पडू नका. मी मावशीला पहिला अल्बम ऐकवला होता, ती दोन मिनिटं शांत बसली आणि म्हणाली, "छान आहे गं, पण मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही की आमच्याकडे असाच आवाज येतो." त्यानंतर इतका नेमका रिव्ह्यू मला कुणी दिलेला नाही.

आता मुद्दा, कारण बाकी सगळं वाचून विसरलात तरी चालेल पण हे नको: कागद जपा. ५० युरोच्या गिगचे ५० युरो आठवड्यात संपतात, पण त्या गिगचं पोस्टर, ऑर्गनायझरची मेल, इनव्हॉइस आणि बँकेत पैसे आल्याची एंट्री, हे सगळं पुढे व्हिसाला लागतं, इन्शुरन्सला लागतं, ग्रँटला लागतं. मी पहिल्या दोन वर्षांत वीसेक गिग केले असतील आणि हातात कागद होते चारचे, बाकी कॅश घेतली, पोस्टर कुठल्यातरी स्टोरीमध्ये टाकलं होतं ते २४ तासांत गेलं. मग एकेका ऑर्गनायझरला मेल करत बसले की बाबा मी अमुक तारखेला तुझ्या बेसमेंटमध्ये वाजवलं होतं, एक ओळ लिहून दे. निम्म्यांनी दिली, एक बेसमेंटच बंद झालं होतं. तेव्हा आजच एक फोल्डर करा, वर्षाच्या नावाने, आणि पुण्यात कुणाच्या गच्चीवर दहा लोकांसमोर वाजवलं तरी त्यात त्याचा फोटो आणि एक पीडीएफ गेलं पाहिजे.

निघायच्या आधी भारतातच काय करायचं

लोकांना वाटतं महागडा मॉड्युलर सिंथ (तुकडे जोडून बनवलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) असल्याशिवाय काही होत नाही. इथे येऊन बघाल तर अर्धे लोक पत्र्याचे डबे, रेडिओ, मोटर आणि स्वतः सोल्डर केलेल्या गोष्टी घेऊन बसलेले असतात. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, आणि पिझो बझरची चकती मागा, २७ मिलिमीटरची, दहा-वीस रुपयांत मिळते. दुकानदार विचारेल कशाला हवी, सांगा अलार्मला. तिला शिल्डेड वायर जोडा, मधल्या पांढऱ्या भागाला एक टोक आणि पितळी कडेला दुसरं, सोल्डरिंग आयर्न पांढऱ्या भागावर फार वेळ टेकवू नका नाहीतर तो उडून येतो. झाला काँटॅक्ट माइक. आता तो कुकरच्या झाकणाला, खिडकीच्या गजाला, बंद पडलेल्या फ्रिजला चिकटवा आणि ऐका.

पण एक गोष्ट, ज्यात मी सहा महिने डोकं फोडलं. हा माइक सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की आवाज पातळ येतो, नुसता टिक टिक, आणि माणसाला वाटतं माइकच भिकार आहे. माइक बरोबर असतो. पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, आणि कमी इम्पीडन्सच्या (विजेला होणारा अडथळा) इनपुटला तो लावला की दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर तयार होतो, खालचा सगळा बेस गळून जातो. म्हणून इनपुट निदान १ मेगाओहमचा हवा, ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी जे बटण असतं ते दाबा किंवा पाचशे रुपयांत एक साधा प्रीअँप सोल्डर करा. मग त्याच कुकरच्या झाकणातून मंदिराच्या घंटेसारखा घुमारा येतो. स्टेजवर हे माहीत नसलेला साऊंड इंजिनियर भेटला तर त्याला शांतपणे सांगता आलं पाहिजे, आणि त्या पाच मिनिटांत तो ठरवतो की तुम्हाला कळतं की नाही.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. आवाज प्रोग्राम करायला प्युअर डेटा फुकट आहे, सुपरकोलायडर फुकट आहे, रेकॉर्डिंग-एडिटिंगला रीपरचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे. यातलं एक धरा आणि दोन वर्षं सोडू नका.

मग डॉक्युमेंटेशन. तीन चांगले पीस, प्रत्येकाचा तीनेक मिनिटांचा व्हिडिओ, एका जागी. कॅमेरा हललेला चालतो, आवाज मोबाइलचा नको, रेकॉर्डर वेगळा लावून नंतर जोडा. ग्रँट-रेसिडेन्सीच्या ज्युरीतले लोक शेकडो ॲप्लिकेशन ऐकतात, त्यामुळे दोन मिनिटं हळूहळू फेड-इन होणारा ड्रोन (एकच लांबलेला सूर) तुम्हाला कितीही प्रिय असला तरी लिंकमध्ये वेळ लिहून द्या, ४ मिनिट १० सेकंदांपासून ऐका म्हणून. आणि पीसबद्दल लिहिताना "अवकाश, स्मृती आणि शरीर यांच्यातील संवाद" असलं लिहायचा मोह होतो, मलाही व्हायचा. त्याऐवजी खोलीत शिरलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते लिहा. चार पत्र्याच्या पिंपांना खालून मोटर लावलेली आहे, माणूस जवळ आला की एक पिंप थांबतं. बास, एवढं वाचून समोरच्याला कळतं.

यायचं कोणत्या दाराने

बहुतेकांसाठी सगळ्यात सरळ दार म्हणजे मास्टर्स. बर्लिनच्या यूडीके या कला विद्यापीठात साऊंड स्टडीज अँड सॉनिक आर्ट्स आहे, कोलोनला केएचएम ही मीडिया आर्टची अकादमी आहे, कार्ल्सरूहेला एचएफजी हे कला-डिझाइनचं कॉलेज आहे आणि त्याच इमारतीत झेडकेएम हे मीडिया आर्टचं केंद्र, डच बाजूला हेगला इन्स्टिट्यूट ऑफ सोनोलॉजी, जी मुळात उट्रेख्तची, १९८६ ला हेगला हलली. फीचं नीट बघा, जर्मनीत सगळं फुकट हे आपल्याकडे पसरलेलं अर्धसत्य आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूहे त्यात आलं, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि काही कोर्स "कंटिन्युइंग एज्युकेशन" या खात्यात येतात त्यांची फी वेगळी असते. शिवाय स्टुडंट व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट लागतं, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ च्या हिशोबाने. हे पैसे तुमचेच असतात पण आधी भरून ठेवायचे, इथेच बऱ्याच घरांत गाडी अडते, माझ्या बाबांनी एफडी मोडली होती आणि मी ते अजून विसरलेले नाही.

एक मोठा खड्डा सांगते. स्टुडंट परमिटवर तुम्ही कॅफेत काम करू शकता, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, पण स्वतःच्या नावाने इनव्हॉइस देऊन गिगचे पैसे घेणं हे सेल्फ-एम्प्लॉयमेंट धरलं जातं, त्याला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेगळी परवानगी लागते. मिळते सहसा, पण आधी मागायची. मला हे दुसऱ्या सेमिस्टरला एका बॅचमेटने सांगितलं, तोवर मी दोन इनव्हॉइस पाठवून बसले होते, चार रात्री झोप नाही.

डिग्री झाली की काम शोधायला १८ महिने मिळतात. त्या १८ महिन्यांत फ्रीलान्सच्या परमिटची तयारी करायची, कायद्यात ते कलम २१ खाली येतं. त्याला लागतं काय, तर इथल्या लोकांची पत्रं की आम्ही हिला अमुक काम देणार आहोत, पैशाचा अंदाज, हेल्थ इन्शुरन्स, राहायचा पत्ता, पूर्वीचं काम. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची सोय पण दाखवावी लागते. पत्रं गुळगुळीत नकोत. "आम्हाला तिच्यासोबत काम करायला आवडेल" याला किंमत शून्य, "मार्च ते मे, तीन वर्कशॉप, प्रत्येकी इतके युरो" याला किंमत. आणि ही पत्रं देणार कोण, तर ज्यांच्याकडे तुम्ही आधी वाजवलंय ते. म्हणून ते फोल्डर.

मास्टर्स नको असेल तर छोट्या रेसिडेन्सीने (ठरावीक काळ तिथे राहून काम करायची सोय) सुरुवात करा. प्रो हेल्वेशिया या स्विस कला-संस्थेचं दिल्लीत ऑफिस आहे, ते दक्षिण आशियातल्या कलाकारांना स्वित्झर्लंडला नेतात, रिसर्च ट्रिप किंवा तीन महिन्यांची स्टुडिओ रेसिडेन्सी. पुण्यात-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहेच, नुसतं जर्मन शिकायला जाऊ नका, तिथल्या प्रोग्रामवाल्यांना भेटा. स्टॉकहोमचा ईएमएस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ, १९६४ पासूनचा, तिथे जुन्या बुकला आणि सर्ज सिंथवर काम करायला बाहेरचे कलाकार येत असतात. डाड (डीएएडी, शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) यांचा बर्लिनचा आर्टिस्ट प्रोग्राम मात्र लोक उगाच पहिल्याच वर्षी भरतात, तो साठच्या दशकापासून चालू आहे आणि नाव झालेल्यांसाठी आहे, दहा वर्षांनी बघा. टुरिस्ट शेंगेन व्हिसावर येऊन "बघू काय होतं ते" हे करू नका, १८० दिवसांत ९० दिवस, त्यातले ३० खोली शोधण्यात जातात.

पहिलं वर्ष: वाजवू नका, जा

इथे प्रायोगिक संगीताचं जे वर्तुळ आहे त्याला लोक एख्त्झाइटमुझिक म्हणतात. भिंत पडल्यानंतर पूर्व बर्लिनमधल्या रिकाम्या, ताबा घेतलेल्या इमारतींमध्ये नव्वदच्या दशकात ते वाढलं, भाडं नव्हतं म्हणून वाढलं हेही खरं. आज तशी घरं राहिलेली नाहीत पण जागा आहेत, प्रेन्झलाउअर बेर्गला ऑसलांड, नॉयक्योल्नला केएम२८, आउगुस्टस्ट्रासेवर कुले या घरात चालणारी लाबोर सोनोर ही मालिका २००० सालापासून. एका संध्याकाळी वीस-पंचवीस लोक, घडीच्या खुर्च्या, दारात एक डबा, जमेल तेवढे टाका. एखादा माणूस चाळीस मिनिटं ट्रम्पेटमध्ये फक्त हवा फुंकतो आणि लोक श्वास धरून ऐकतात. जॅकेटची चेन ओढली तर सगळ्यांना ऐकू जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीतलं चिवड्याचं पाकीट कुरकुरलं आणि मला वाटलं आता हाकलतात.

पहिले सहा महिने आठवड्याला दोन कॉन्सर्टला जा आणि नंतर पटकन पळू नका. खरा कार्यक्रम त्यानंतर असतो, बिअर किंवा नुसतं पाणी घेऊन उभं राहायचं, खुर्च्या उचलायला हात लावायचा, केबल गुंडाळायच्या. केबल गुंडाळता येणं इथे मोठी गोष्ट आहे, कोपराभोवती गरागरा फिरवली की लोक तुमच्याकडे असं बघतात जसं आपली आजी पोळीवर पोळी आदळणाऱ्याकडे बघेल, एक वेढा सरळ एक उलटा असं शिकून घ्या. माझा पहिला गिग असाच मिळाला, कुणीतरी आजारी पडलं आणि जी व्यक्ती दर आठवड्याला खुर्च्या लावते ती आठवली. मी तोपर्यंत ६० मेल पाठवल्या होत्या, डेमो लिंकसकट, एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

मोठे फेस्टिव्हल, म्हणजे जानेवारीच्या शेवटी होणारा सीटीएम (१९९९ पासून), मार्चमधला मेर्झम्युझिक, क्राकोचा अनसाऊंड, हे ऐकायला जा, वॉलंटियर करा, पण तिथल्या क्युरेटरला पहिल्या भेटीत पेनड्राइव्ह देऊ नका. प्लीज.

वही-खात्याचं

आल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. बरेच सबलेटवाले सांगतात खोली घे पण आनमेल्डुंग नाही. मग टॅक्स नंबरचं घोडं अडतं, आणि टॅक्स नंबर नाही तर इनव्हॉइस नाही. स्वस्त मिळाली तरी असली खोली तीन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका.

इनव्हॉइसवर नाव, पत्ता, टॅक्स नंबर, तारीख, सलग क्रमांक. आधीच्या वर्षाची कमाई २५,००० युरोच्या आत असेल तर तुम्ही छोटे व्यावसायिक, व्हॅट लावायचा नाही, पण तसं एक वाक्य इनव्हॉइसवर लिहावं लागतं.

आणि आता केएसके. क्युन्स्टलरझोत्सिआलकासे, नाव तीनदा म्हणून बघा मग जमतं. हा प्रकार दुसऱ्या देशांतल्या कलाकारांना सांगितला की ते रडायलाच येतात. फ्रीलान्स कलाकाराचा हेल्थ इन्शुरन्स, नर्सिंग केअर आणि पेन्शन, याचा अर्धाच हप्ता तुम्ही भरायचा, उरलेल्यातले ३० टक्के कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या-संस्था भरतात आणि २० टक्के सरकार. १९८३ पासून चालू आहे. वर्षाला कलेतून निदान ३,९०० युरो मिळायला हवेत, पण नवशिक्यांना पहिली तीन वर्षं ही अटही नाही. ऐकायला सोपं. मग विल्हेल्म्सहाफेन नावाच्या समुद्रकाठच्या गावातून एक जाडजूड पाकीट येतं आणि त्यात प्रश्न, तुम्ही खरंच कलाकार आहात याचे पुरावे द्या. करार, इनव्हॉइस, बँक स्टेटमेंट, फ्लायर, रिव्ह्यू. माझं पहिलं ॲप्लिकेशन परत आलं, कारण मी केलेल्या कामांत निम्मं काम साऊंड टेक्निशियनचं होतं आणि केबल ओढणं म्हणजे कला नाही असं त्यांचं म्हणणं, जे त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. दुसऱ्यांदा फक्त कॉम्पोझिशन, परफॉर्मन्स आणि शिकवणं एवढंच वेगळं काढून पाठवलं, सोबत ३१ पानं, मंजूर झालं. त्याआधी मी परदेशी लोकांसाठीचा स्वस्तातला इन्शुरन्स घेतला होता, दाढेचं रूट कॅनल करायची वेळ आली तेव्हा कळलं की बारीक अक्षरात दात नव्हतेच, पदरचे पैसे गेले. स्वस्त पॉलिसी घेताना निदान दात आणि आधीचे आजार एवढं तरी वाचा.

रॉयल्टी गोळा करून देणारी इथली संस्था म्हणजे गेमा. मेंबर होऊन स्वतःचे पीस रजिस्टर करता येतात. तुम्ही आधीच भारतात आयपीआरएसचे (आपल्याकडची तशीच संस्था) मेंबर असाल तर दुसरीकडे सही करण्याआधी नीट विचारून घ्या, एकच हक्क दोन संस्थांना देता येत नाही. आमच्यासारख्यांना यातून फार येत नाही, वर्षाचा चहा-कॉफीचा खर्च, रेडिओवर लागलं तर थोडं जास्त. रेडिओ मात्र विसरू नका, जर्मनीत रेडिओने हे संगीत पोसलंय, कोलोनचा प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ रेडिओचाच होता, आणि आजही डॉइचलांडफुंक कुल्टुर वर क्लांगकुन्स्ट नावाचा साऊंड आर्टचा कार्यक्रम चालतो.

भारतातच राहून नुसती टूर करायला येणाऱ्यांसाठी: जर्मनीत बाहेरच्या कलाकाराच्या मानधनातून आयोजक १५ टक्के टॅक्स आणि त्यावर छोटा सरचार्ज कापतो, एकूण १५.८२५ टक्के. एका परफॉर्मन्सचे २५० युरोपर्यंत असतील तर कापत नाहीत. म्हणून मेलमध्ये पहिल्यांदाच विचारा, हा आकडा टॅक्स कापून की कापायच्या आधी. विचारायला लाजाल तर ४०० चे ३३७ हातात येतील आणि वर तुम्हालाच वाटेल की फसवलं.

इन्स्टॉलेशन करणार असाल तर गार्डचा विचार करा

हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही. माझी पहिली मोठी इन्स्टॉलेशन एका छोट्या शहराच्या कलादालनात होती, सहा आठवडे. आठ स्टीलची ताटं छताला टांगलेली, प्रत्येकाच्या मागे एक्सायटर चिकटवलेला, त्यामुळे ताटच स्पीकर होतं, आणि एक चार मिनिटांचा लूप. ओपनिंगला वाहवा झाली, मी खुशीत बर्लिनला परत. दहा दिवसांनी एका मैत्रिणीने जाऊन बघितलं, म्हणाली आवाजच येत नाहीये गं, अगदी कानाजवळ गेलं तर येतो. फोन केला तर समजलं की त्या खोलीत दिवसभर बसणाऱ्या बाईंनी ॲम्प्लिफायर खाली केला होता. मला राग आला आणि मग मी गणित केलं. दिवसाचे आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, भागिले चार, म्हणजे त्या बाई माझा पीस दिवसाला १२० वेळा ऐकत होत्या. मी स्वतः तो इतक्या वेळा ऐकला नव्हता.

मी पुन्हा गेले, त्यांच्यासोबत अख्खा एक दिवस खोलीत बसले. दुपारी तीनच्या सुमाराला माझंच डोकं उठलं. त्यांनी बोट दाखवून सांगितलं, ते तिसरं ताट, ते जे किंचाळतं ना, ते. बरोबर होतं, त्या ताटाची रेझोनन्स ३ किलोहर्ट्झच्या आसपास टोचत होती, एका इक्यूने (तेवढीच पट्टी खाली करून) गेली. लूप काढून टाकला, प्युअर डेटामध्ये असं केलं की तुकडे आपोआप वेगवेगळ्या क्रमाने येतील आणि मध्ये वीस-वीस मिनिटं पूर्ण शांतता. पीस आधीपेक्षा चांगला झाला, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून मी सगळीकडे आधी गार्डला भेटते, कॉफी नेते.

दुसरं, रासबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) वापरणार असाल तर लक्षात ठेवा की संध्याकाळी कुणीतरी येऊन मेन स्विच खटकन बंद करणार आहे. रोज असं झालं की मेमरी कार्डवरची फाइल सिस्टिम कधीतरी बिघडतेच, त्यामुळे कार्ड रीड-ओन्ली मोडमध्ये ठेवा, चालू झालं की पॅच (आपला प्रोग्राम) आपोआप सुरू होईल असं करा, आणि दुसरं तयार कार्ड पाकिटात घालून डब्याच्या आत चिकटवून या, वर मोठ्या अक्षरात "बंद पडलं तर हे घाला". बजेटमध्ये मेंटेनन्सचे पैसे आणि एका जादा प्रवासाचं तिकीट लिहा. सगळे विसरतात.

"पण तू भारतीय आहेस ना"

हा प्रश्न येणार. एका क्युरेटरने मला विचारलं होतं की यात थोडा तबला येईल का. मला तबला येत नाही, मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर आहे, मला आयसी ५५५ ही चिप वाजवता येते. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही घेणारे लोक मला माहीत आहेत. एक, तंबोऱ्याचा ड्रोन आणि थोडा धूर, गिग भरपूर मिळतात, पण तीनेक वर्षांनी तुम्हाला दुसरं काही करायला कोणी बोलवत नाही. दुसरा, भारताचं नावच काढायचं नाही, तेही खोटंच. मी मध्ये कुठेतरी आहे, भांडी वापरते कारण मला त्यांचा आवाज आवडतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचं अध्यात्म करू देत नाही, मजकूर छापायच्या आधी मला दाखवा असं करारात लिहून घेते.

आणि "भारतात असं काही होतं का" असं कुणी कौतुकाने विचारलं तर उत्तर तोंडपाठ असू द्या. अहमदाबादच्या एनआयडी मध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभारला होता आणि भारतीय लोक तिथे टेपवर काम करत होते. त्याच्या कितीतरी आधी १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कला जॉन केज या प्रसिद्ध प्रायोगिक संगीतकाराला भारतीय संगीत शिकवत होत्या. कलकत्त्यात जन्मलेले क्लॅरेन्स बार्लो १९६८ ला कोलोनला शिकायला गेले आणि युरोपात कॉम्प्युटर संगीतातलं मोठं नाव झाले. मुंबईत जन्मलेले संदीप भगवती जर्मनी करून माँट्रियलला प्रोफेसर झाले. तेव्हा आपण काही पहिले उपटसुंभ नाही.

फील्ड रेकॉर्डिंगवाल्यांना एक इशारा. आपल्याकडे मंडईत रेकॉर्डर काढला तर लोक येऊन विचारतात कुठला चॅनेल, आणि उलट जोरात ओरडून दाखवतात. जर्मनीत दोन माणसांचं खाजगी बोलणं त्यांना न विचारता रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, पीनल कोडमध्ये आहे, गंमत नाही. ट्रेनचा, यंत्रांचा, पक्ष्यांचा आवाज घ्या, माणसांचं बोलणं घ्यायचं असेल तर विचारा. आणि इकडे येऊन वारीचं किंवा कुणाच्या घरातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग वाजवणार असाल तर त्या बाईंना आधी सांगितलंय का, त्यांचं नाव लिहिलंय का, पैसे मिळाले तर त्यांना काय, याचं उत्तर तयार ठेवा, इथले लोक विचारतात आणि विचारायलाच हवं.

ग्रँट

जर्मनीत राहायला लागलात की म्युझिकफाँड्स आहे, बर्लिन शहराचे वेगवेगळे फंड आहेत, नव्या संगीतासाठी आयएनएम आहे. फॉर्म भरणं हेही एक वाद्य आहे, रियाज लागतो. पहिले सात नकार आले मला. बजेटमध्ये स्वतःचं मानधन शेवटी उरलंसुरलं म्हणून लिहू नका, ती आपली खास सवय, संगीतकारांच्या संघटनांनी किमान मानधनाच्या शिफारशी केलेल्या आहेत, तो आकडा पहिल्या ओळीत टाका. कमी लिहिलंत म्हणून ज्युरी खूश होत नाही, उलट त्यांना वाटतं हिला हिशोब कळत नाही. आणि सध्याची परिस्थिती लपवत नाही, बर्लिनने २०२५ साठी संस्कृतीच्या बजेटमधून १३० मिलियन युरोच्या आसपास कापले, छोट्या जागांना ते आधी बोचलं. म्हणून एकाच शहरावर सगळं अवलंबून ठेवू नका, लाइपझिग, कोलोन, ब्रसेल्स, छोट्या गावातली कलादालनं, तिथे पैसे पण बरे मिळतात आणि लोक जेवायला घालतात. अल्बम बँडकॅम्पवर ठेवा, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, पेमेंटची फी वेगळी, उरलेलं तुमचं, लाखो रुपये येणार नाहीत पण क्युरेटर तिथेच शोधतात.

प्रवासाचं सामान

घरी केलेली सर्किट उघडी नेऊ नका. मी एकदा मुंबई विमानतळावर स्टीलच्या पोळीच्या डब्यात चार ऑसिलेटर, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि सुट्या वायरी घेऊन उभी होते, एक्स-रे मध्ये ते कसं दिसत असेल याचा विचारच केला नव्हता. सीआयएसएफच्या बाईंनी डबा बाजूला घेतला, "हे काय आहे?" म्हटलं वाद्य आहे. "वाजवून दाखवा." मग तिथेच हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि नॉब फिरवला. त्यांनी दहा सेकंद ऐकलं, दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही ऐकवलं, तो म्हणाला रेडिओ लागत नाहीये वाटतं, आणि सोडलं. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर स्टिकर, नाव, "म्युझिकल इन्स्ट्रुमेंट", सोबत आयोजकाचं पत्र आणि डबा स्टेजवर ठेवलेला फोटो. लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत, १०० वॉट-आवरच्या आतल्या. सामान महागडं आणि बरंच असेल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं नेऊन परत आणतोय असा कस्टमचा कागद) काढा, भारतात ते फिक्की देतं, नाहीतर येताना कस्टमवाला विचारतो हे तिकडे विकत घेतलं का आणि पावती तर घरी असते.

व्होल्टेजचं टेन्शन नको, इथेही २३० आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे अर्थिंगचा जो घुंईईई आवाज पुण्याच्या घरात येतो तोच सेम सुरात इथेही येतो, जरा घरचं वाटतं. फक्त आपला जाड गोल तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, बारीक दोन पिनांचा जातो. ॲडॉप्टर तिथूनच दोन घेऊन या, एक पहिल्याच साऊंडचेकला कुणीतरी मागतं आणि ते परत येत नाही.